पीएफसेन्सचा सर्टिफिकेट मॅनेजर: एक परीक्षण

छोट्या किंवा मध्यम आकाराच्या कार्यालयाला स्वतःची सर्टिफिकेट अथॉरिटी, म्हणजे माणसांना आणि यंत्रांना सही केलेली डिजिटल ओळखपत्रे (प्रमाणपत्रे) देणारी व्यवस्था, लागते ती बहुतेक वेळा व्हीपीएनपायी, म्हणजे बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी देण्यापायी. घरून काम करणारे, फिरतीवर असणारे किंवा दुसऱ्या गावच्या शाखेत बसणारे कर्मचारी यांना आतल्या सर्व्हरपर्यंत पोहोचू द्यायचे असते आणि केवळ पासवर्डच्या भरवशावर ते करायला जबाबदार प्रशासक राजी नसतो. एकदा व्हीपीएनसाठी अथॉरिटी उभी राहिली म्हणजे तिच्यावरच फायरवॉलच्या, म्हणजे नेटवर्कच्या दाराशी ये-जा तपासणाऱ्या यंत्राच्या, वेबपानाचे प्रमाणपत्र निघते, मग वाय-फायच्या लॉगिनसाठी प्रमाणपत्रे निघतात, मग आतल्या हिशेबाच्या किंवा फाइलींच्या सर्व्हरचे. आणि बघता बघता कार्यालयाचे बरेच काही त्या अथॉरिटीवर अवलंबून राहू लागते. पीएफसेन्स या फायरवॉल सॉफ्टवेअरमध्ये हे सगळे काम ब्राउझरमधून, एकाच पानावर करता येते. फायरवॉल म्हणून पीएफसेन्सबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे फक्त त्यातल्या सर्टिफिकेट मॅनेजरचा विचार केला आहे. निष्कर्ष आधीच सांगतो: प्रमाणपत्र काढून देण्याचे काम हा भाग इतके सुकर करतो, की अथॉरिटी सांभाळणे हे एक वेगळे काम आहे याचाच विसर पडतो, आणि त्या दुसऱ्या कामासाठी लागणारी निम्मीच साधने तो पुरवतो.

पीएफसेन्सची सुरुवात २००४ मध्ये मोनोवॉल या फायरवॉल प्रकल्पातून वेगळे होऊन झाली. ते फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते आणि त्यामागे सध्या अमेरिकेतील ऑस्टिनची नेटगेट ही कंपनी आहे. १.२ आवृत्तीच्या काळात ओपनव्हीपीएन या व्हीपीएन सॉफ्टवेअरसाठी प्रमाणपत्रे काढायची म्हणजे दुसऱ्या एखाद्या संगणकावर ईझी-आरएसए या प्रमाणपत्रे काढणाऱ्या स्क्रिप्ट चालवायच्या, तयार झालेल्या फाइली उघडायच्या आणि त्यांतला मजकूर उचलून फायरवॉलच्या रकान्यांत चिकटवायचा, असा प्रकार होता. २०११ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीने सर्टिफिकेट मॅनेजर आणला आणि हा खटाटोप संपला. त्या जुन्या खटाटोपात एक गुण मात्र आपोआप साधत असे: अथॉरिटीची प्रायव्हेट की, म्हणजे सही करण्याची गुप्त किल्ली, फायरवॉलवर कधी येतच नसे.

आजच्या आवृत्त्यांत हा भाग सिस्टिम मेनूतल्या ‘सर्टिफिकेट्स’ या पानावर आहे आणि त्याचे अथॉरिटीज, सर्टिफिकेट्स व रिव्होकेशन असे तीन टॅब आहेत. अथॉरिटी तीन प्रकारे आणता येते: नवी अंतर्गत अथॉरिटी निर्माण करून, बाहेर तयार झालेली आयात करून, किंवा इथल्याच एखाद्या अथॉरिटीच्या सहीने मध्यवर्ती, म्हणजे तिच्या हाताखालची इंटरमीजिएट, अथॉरिटी काढून. आधीच भरलेल्या निवडी समंजस आहेत. सहीसाठी एसएचए-२५६ हे डायजेस्ट आणि ३६५० दिवसांची मुदत या गोष्टींना बहुतेकांनी हात लावण्याची गरज नाही, आणि ज्यांना आरएसए या किल्लीच्या प्रकाराऐवजी ईसीडीएसए हवे आहे त्यांना २.५.० आवृत्तीपासून तो पर्याय मिळतो. आक्षेप आहे तो कॉमन नेमच्या, म्हणजे प्रमाणपत्रावरच्या नावाच्या, रकान्याला. तिथे ‘इंटर्नल-सीए’ हे नाव आधीच लिहिलेले असते आणि घाईत असलेला माणूस ते तसेच ठेवून पुढे जातो. चार-पाच ग्राहकांच्या फायरवॉल सांभाळणाऱ्याच्या लॅपटॉपवर मग एकाच नावाच्या चार-पाच अथॉरिटी जमा होतात आणि कोणती कुणाची हे ओळखण्यासाठी फिंगरप्रिंट (प्रमाणपत्राची अनन्य खूण) ताडून पाहण्याची वेळ येते. संस्थेचे नाव आणि वर्ष त्या रकान्यात घालण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. हे नाव मागाहून बदलता येत नाही.

याच पानावर दोन चौकोन आहेत ज्यांच्याबद्दल नेहमी गैरसमज होतो. पहिला, ही अथॉरिटी ऑपरेटिंग सिस्टिमच्या विश्वासयादीत घालावी का, हा. तो टिकमार्क केल्याने फक्त फायरवॉल स्वतः त्या अथॉरिटीवर विश्वास ठेवू लागते. कर्मचाऱ्यांच्या संगणकांना त्याचा काडीमात्र उपयोग नाही. दुसरा, अनुक्रमांक यादृच्छिक ठेवावेत का, हा. तो मी प्रत्येक ठिकाणी आवर्जून चालू करायला सांगतो. अंतर्गत अथॉरिटी पुढचा अनुक्रमांक कोणता याची नोंद फायरवॉलच्या कॉन्फिगरेशनमध्येच ठेवते. समजा डिस्क बिघडली आणि महिनाभरापूर्वीचा बॅकअप चढवला, तर मोजणी महिनाभर मागे जाते आणि त्या महिन्यात वाटलेले अनुक्रमांक नव्या प्रमाणपत्रांना पुन्हा मिळतात. रद्द करण्याची यादी अनुक्रमांकावरच चालत असल्यामुळे, नोकरी सोडून गेलेल्याचे प्रमाणपत्र रद्द करताना नव्याने रुजू झालेल्याचेही रद्द होऊ शकते. यादृच्छिक अनुक्रमांकांनी हा धोका मुळातच टळतो, म्हणून तो पर्याय वापरणाऱ्याच्या मर्जीवर सोडायला नको होता असे वाटते.

प्रमाणपत्रांच्या टॅबमध्ये रचना अधिक नेटकी आहे. प्रमाणपत्र सर्व्हरचे की वापरकर्त्याचे, हे निवडावे लागते आणि त्यानुसार आतले वापरहेतू आपोआप भरले जातात. ओपनव्हीपीएनच्या बाबतीत हा भेद महत्त्वाचा आहे, कारण तो पाळला नाही तर एखाद्या कर्मचाऱ्याला आपले प्रमाणपत्र दाखवून सर्व्हर असल्याचे सोंग घेता येते. पर्यायी नावांच्या रकान्यात डोमेन नाव, आयपी पत्ता, ईमेल असे हवे तितके प्रकार जोडता येतात. हा रकाना ऐच्छिक वाटत असला तरी सर्व्हरच्या प्रमाणपत्रात तो भरलाच पाहिजे, कारण क्रोमने २०१७ मधल्या ५८ व्या आवृत्तीपासून कॉमन नेमकडे पाहणेच सोडून दिले आहे. मुदतीच्या रकान्याखाली सर्व्हरचे प्रमाणपत्र ३९८ दिवसांहून अधिक मुदतीचे नसावे अशी सूचना दिलेली असते. सूचना योग्य आहे, पण कारण दिलेले नाही. ३९८ दिवसांची मर्यादा सार्वजनिक अथॉरिटींसाठी सप्टेंबर २०२० पासून आली. आपण स्वतः बसवलेल्या खासगी अथॉरिटीला ॲपलची उपकरणे ती लावत नाहीत. मात्र त्याआधीची ८२५ दिवसांची मर्यादा ती खासगी अथॉरिटीलाही लावतात. आतल्या सर्व्हरसाठी दोन वर्षांची मुदत त्यामुळे आयफोन आणि मॅकवर चालते, पाच वर्षांची चालत नाही.

वापरकर्ता नोंदवतानाच, यूझर मॅनेजरच्या पानावर, एका टिकमार्कने त्याचे प्रमाणपत्र निघते. क्लायंट एक्सपोर्ट हे पॅकेज बसवले असेल, तर प्रमाणपत्र, की आणि जोडणीची सगळी माहिती एकत्र असलेली फाइल किंवा विंडोजसाठी तयार इन्स्टॉलरही हातात येतो. व्हीपीएन उभारण्याचा विझार्ड तर वाटेत अथॉरिटीही काढून देतो. पन्नास माणसांच्या कार्यालयाचे व्हीपीएन यामुळे एका दुपारी उभे राहते, आणि याचे श्रेय निर्विवादपणे या मांडणीला द्यायला हवे. पी१२ फाइल (प्रमाणपत्र आणि की एकत्र असलेली) काढतानाही विचार केलेला दिसतो: तिच्यासाठी एन्क्रिप्शनच्या तीन पातळ्या दिल्या आहेत. एईएस-२५६ ची वरची पातळी लिनक्स आणि विंडोज १० ला चालते. मॅक किंवा जुने विंडोज असेल तर ट्रिपल डेसची खालची पातळी निवडावी लागते. मॅकवर पी१२ फाइल बरोबर पासवर्ड देऊनही उघडत नाही, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते आणि तिचे मूळ बहुधा इथे असते.

यादीच्या पानाबद्दलही चांगलेच लिहावे लागेल. प्रत्येक प्रमाणपत्राच्या ओळीत ते कोणी दिले, कधीपासून कधीपर्यंत चालेल आणि सध्या कुठे वापरात आहे, हे दिसते: वेबपानासाठी, अमुक ओपनव्हीपीएन सर्व्हरसाठी, तमुक वापरकर्त्यासाठी. वापरात असलेले प्रमाणपत्र पुसताच येत नाही. ज्यांनी हे काम कधी टेक्स्ट फाइली आणि फोल्डरांवर केले आहे, त्यांना या एका रकान्याची किंमत सांगावी लागणार नाही.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. पीएफसेन्सचे सगळे कॉन्फिगरेशन कॉन्फिग.एक्सएमएल या एका फाइलीत असते, आणि अथॉरिटीची प्रायव्हेट कीसुद्धा त्याच फाइलीत, बेस६४ रूपात असते. बेस६४ हे एन्क्रिप्शन नाही; ती फाइल ज्याच्या हाती पडली, त्याला ती की एका आज्ञेत वाचता येते. म्हणजे ज्या यंत्राचा एक पाय थेट इंटरनेटमध्ये आहे त्याच्यावरच, ज्या किल्लीने संस्थेच्या नावे हवे ते प्रमाणपत्र काढता येते ती ठेवलेली असते. संस्थेचा शिक्का फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवावा, तशी ही व्यवस्था आहे. बरे, की त्या एकाच जागी राहते असेही नाही. बॅकअप डाउनलोड केला तर ती बॅकअपमध्ये जाते, आणि बॅकअप एन्क्रिप्ट करण्याचा चौकोन ऐच्छिक आहे. कॉन्फिगरेशनमधल्या प्रत्येक बदलाची जुनी प्रत फायरवॉल स्वतःच्या डिस्कवर जपून ठेवते. त्यामुळे पडद्यावरून अथॉरिटी पुसली तरी तिची की जुन्या प्रतींमध्ये काही काळ शिल्लक राहते. जोडीची दुसरी फायरवॉल असेल आणि प्रमाणपत्रांचे सिंक चालू असेल तर कीची प्रत तिच्यावरही जाते. नेटगेटच्या सर्व्हरवर आपोआप बॅकअप पाठवणारी सोय मात्र फाइल आधी इथेच एन्क्रिप्ट करते, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

अधिकारांची वाटणी वरवर पाहता चांगली आहे. अथॉरिटीचे पान, प्रमाणपत्रांचे पान आणि रद्द यादीचे पान यांचे अधिकार वेगवेगळे देता येतात. पण ज्याला बॅकअपचे पान उघडण्याचा अधिकार आहे त्याला या तिन्ही पानांची गरजच उरत नाही, कारण सगळ्या की त्याला एकगठ्ठा मिळतात. बाहेरच्या मदतनीसाला ‘फक्त बॅकअप काढण्यापुरता’ प्रवेश देण्याची पद्धत अनेक कार्यालयांत आहे; तो प्रवेश प्रत्यक्षात पूर्ण प्रवेशच असतो. प्रमाणपत्र काढण्याआधी दुसऱ्या कोणाची मान्यता घ्यावी लागेल अशी सोय इथे नाही, आणि प्रायव्हेट की एखाद्या हार्डवेअर मोड्यूलमध्ये, म्हणजे की बाहेर न देणाऱ्या उपकरणात, ठेवून वेबपानावरून वापरावी असा मार्गही नाही.

यावर उपाय आहे, आणि तो पीएफसेन्सच्या चौकटीतच बसतो. मूळ, म्हणजे सर्वांत वरची, अथॉरिटी फायरवॉलवर काढूच नये. नेटवर्कला न जोडलेल्या एखाद्या जुन्या लॅपटॉपवर एक्ससीएसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती काढावी, तिच्या सहीने एक मध्यवर्ती अथॉरिटी तयार करावी, आणि फायरवॉलवर मध्यवर्तीची की व प्रमाणपत्र दोन्ही, पण मूळ अथॉरिटीचे केवळ प्रमाणपत्र आयात करावे. आयातीच्या पानावर प्रायव्हेट कीचा रकाना रिकामा ठेवता येतो, ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ओपनव्हीपीएनच्या सर्व्हरमध्ये ‘सर्टिफिकेट डेप्थ’ (प्रमाणपत्रांच्या साखळीत किती पायऱ्या चालतील) एकऐवजी दोन करायला विसरू नये, नाहीतर सगळे बरोबर असूनही जोडणी नाकारली जाते. उद्या फायरवॉलवर कोणी शिरकाव केला, तर मध्यवर्ती अथॉरिटी रद्द करून नवी देता येते आणि कर्मचाऱ्यांच्या यंत्रांवर बसवलेली मूळ अथॉरिटी तशीच चालू राहते. मोठ्या पातळीवर नेमके हेच घडल्याचे उदाहरण आपल्या देशातले आहे. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या काही डोमेनसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघड झाले. ती नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरकडच्या मध्यवर्ती अथॉरिटींवरून निघाली होती आणि त्यांच्या डोक्यावर सर्टिफाइंग अथॉरिटींच्या भारतीय नियंत्रकांचे मूळ प्रमाणपत्र होते, ज्यावर विंडोजचा विश्वास होता. नियंत्रकांनी त्या मध्यवर्ती अथॉरिटी रद्द केल्या. मूळ आणि मध्यवर्ती असे दोन मजले नसते, तर रद्द करायला मूळ अथॉरिटीखेरीज काही हाताशी राहिले नसते. पीएफसेन्सचा विझार्ड नव्या माणसाला थेट एकमजली रचनेकडे नेतो, आणि ही त्याची सर्वांत मोठी उणीव मी मानतो.

रद्द करण्याच्या व्यवस्थेविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण लेखापरीक्षणात पहिला प्रश्न तिच्यावरच येतो. यूझर मॅनेजरमधून माणूस पुसला म्हणजे त्याचा प्रवेश बंद झाला, असा सर्वसाधारण समज असतो. ओपनव्हीपीएन सर्व्हर प्रमाणपत्र आणि पासवर्ड दोन्ही मागत असेल तर तो समज व्यवहारात खरा ठरतो. सर्व्हर फक्त प्रमाणपत्र पाहत असेल तर तो साफ खोटा आहे: नाव गेले तरी प्रमाणपत्र शाबूत असते आणि मुदत संपेपर्यंत चालते. त्यातही एक मधली गोम आहे. दोन्ही मागणाऱ्या सर्व्हरमध्ये प्रमाणपत्रावरचे नाव आणि लॉगिनचे नाव एकच असावे अशी सक्ती करणारा चौकोन वेगळा आहे. तो चालू नसेल तर एकाचे प्रमाणपत्र आणि दुसऱ्याचा पासवर्ड अशी जोडी चालून जाते. म्हणजे गेलेल्या माणसाकडे राहिलेली फाइल अजूनही कामाची असते, फक्त एखाद्या सहकाऱ्याचा पासवर्ड ठाऊक असायला हवा.

खरे रद्द करायचे तर रिव्होकेशन टॅबमध्ये त्या अथॉरिटीसाठी यादी तयार करावी लागते, प्रमाणपत्र निवडून कारणासह तिच्यात घालावे लागते, आणि मग ओपनव्हीपीएन सर्व्हरच्या पानावर जाऊन ती यादी निवडावी लागते. या शेवटच्या पायरीशिवाय आधीच्या दोन्ही निरुपयोगी, आणि ती राहिली आहे असा इशारा कुठेही मिळत नाही. म्हणून व्हीपीएन उभारण्याच्या दिवशीच रिकामी यादी तयार करून सर्व्हरला जोडून ठेवावी. त्या यादीलाही मुदत असते आणि ती उलटून गेली तर ओपनव्हीपीएन रद्द झालेल्यांनाच काय, सगळ्यांनाच बाहेर ठेवते. २.५.० पासून नुसता अनुक्रमांक टाकूनही प्रमाणपत्र रद्द करता येते, त्यामुळे यादीतून चुकून पुसलेल्या प्रमाणपत्रांचीही सोय झाली आहे. रद्द केल्यावर तो माणूस त्या क्षणी जोडलेला असेल, तर स्टेटसच्या पानावरून त्याची जोडणी हाताने तोडलेली बरी.

ही यादी फायरवॉलच्या चार भिंतींपलीकडे मात्र जात नाही. ती एखाद्या वेबपत्त्यावर आपोआप प्रसिद्ध करण्याची सोय नाही, निघणाऱ्या प्रमाणपत्रांत तिचा पत्ता घालण्याची सोय नाही, आणि प्रमाणपत्र रद्द झाले आहे का याची इतरांना उत्तरे देणारा ओसीएसपी सर्व्हरही नाही. फ्रीरेडियस हे लॉगिन तपासणारे पॅकेज त्याच फायरवॉलवर असेल तर वाय-फायच्या प्रमाणपत्रांसाठी ते ही यादी वापरू शकते. पण याच अथॉरिटीवरून काढलेले प्रमाणपत्र आतल्या एखाद्या वेब सर्व्हरवर बसवले आणि नंतर रद्द केले, तर ब्राउझरला ते कळण्याचा मार्ग नाही. छोट्या मुदतीची प्रमाणपत्रे हाच त्यावर एकमेव व्यावहारिक इलाज, आणि तो पाळायचा तर नूतनीकरणाचे काम वाढते.

नूतनीकरणाची कथा थोडी मनोरंजक आहे. २०११ मध्ये २.० आली, तेव्हा अनेकांनी दहा वर्षांच्या मुदतीच्या अथॉरिटी काढल्या, आणि दहा वर्षांनी काय करायचे याचे उत्तर सॉफ्टवेअरमध्ये नव्हते. नूतनीकरणाचे बटण आले ते फेब्रुवारी २०२१ मधल्या २.५.० आवृत्तीत, म्हणजे पहिल्या अथॉरिटींची मुदत संपायला काही महिने उरलेले असताना. बटण उशिरा आले तरी चांगले जमले आहे. जुनीच की ठेवायची का, जुनाच अनुक्रमांक ठेवायचा का आणि आजच्या कडक निकषांप्रमाणे डायजेस्ट व मुदत सुधारून घ्यायची का, हे तीन प्रश्न ते विचारते. अथॉरिटीच्या बाबतीत पहिला प्रश्न निर्णायक आहे. की जुनीच ठेवली तर आधी दिलेली प्रमाणपत्रे चालू राहतात आणि सर्वांकडे फक्त अथॉरिटीचे नवे प्रमाणपत्र पोहोचवावे लागते. की बदलली तर प्रत्येकाचे प्रमाणपत्र नव्याने काढावे लागते. कीविषयी काही संशय नसेल तर पहिला मार्ग घ्यावा. फार जुन्या अथॉरिटी बाळगणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: २.७.१ पासून ओपनएसएसएल ३ ही एन्क्रिप्शनची लायब्ररी आली आणि एसएचए-१ या जुन्या डायजेस्टने सही केलेली प्रमाणपत्रे मागे पडली, म्हणून आवृत्ती बदलण्याआधी यादी उघडून डायजेस्ट पाहून घ्यावे.

मुदत संपत आल्याचा इशाराही २.५.० पासून मिळतो. कोणतेही प्रमाणपत्र २७ दिवसांच्या आत संपणार असेल तर तशी सूचना पडद्यावर येते आणि ईमेलची व्यवस्था केली असेल तर ईमेलनेही येते. ही अवधी वाढवता येते. व्हीपीएनच्या प्रमाणपत्रासाठी २७ दिवस पुरेसे आहेत. अथॉरिटीसाठी नाहीत, कारण नवे मूळ प्रमाणपत्र प्रत्येक लॅपटॉप आणि फोनवर पोहोचवायला बाहेरगावच्या शाखा धरून सहज दोन महिने जातात. अथॉरिटीसाठी वेगळी आणि प्रमाणपत्रांसाठी वेगळी अवधी ठेवण्याची सोय असायला हवी होती.

पोहोचवण्याच्या या कामात पीएफसेन्स काहीच मदत करत नाही, आणि न्यायाने पाहता ते त्याचे कामही नाही. विंडोजच्या डोमेनमध्ये ग्रुप पॉलिसीने, म्हणजे सगळ्या संगणकांना लागू होणाऱ्या केंद्रीय सेटिंगने, मूळ प्रमाणपत्र एका दमात सर्वत्र जाते. फायरफॉक्सची विश्वासयादी स्वतःची असली, तरी त्याच्या नव्या आवृत्त्या विंडोज आणि मॅकवर बसवलेली अथॉरिटीही मानतात. अँड्रॉइडवर ७ व्या आवृत्तीपासून वापरकर्त्याने बसवलेली अथॉरिटी ॲप आपणहून मानत नाहीत, आणि ११ व्या आवृत्तीपासून ती सेटिंग्जमध्ये जाऊन हातानेच बसवावी लागते.

ज्या सर्व्हरवर बाहेरचे लोक येतात, त्याला अंतर्गत अथॉरिटीचे प्रमाणपत्र देऊच नये. त्यासाठी एसीएमई नावाचे वेगळे पॅकेज आहे. ते लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सार्वजनिक अथॉरिटीकडून प्रमाणपत्र आणते, वेळेवर नूतनीकरण करते आणि त्याच यादीत ठेवते. सार्वजनिक प्रमाणपत्रांच्या मुदतीबाबत सीए-ब्राउझर फोरमने (अथॉरिटी आणि ब्राउझर कंपन्यांच्या मंचाने) एप्रिल २०२५ मध्ये घेतलेला निर्णय पाहता हाच मार्ग पुढे टिकणार आहे: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस अशी कमाल मुदत उतरत जाणार आहे. हाताने प्रमाणपत्र विकत आणून चिकटवणाऱ्याला हे झेपणारे नाही. अंतर्गत अथॉरिटीला हा नियम लागू नाही.

इतर पर्यायांत सर्वांत जवळचा म्हणजे ओपीएनसेन्स. ते २०१५ मध्ये पीएफसेन्समधूनच वेगळे झाले, त्यामुळे त्याचा ‘ट्रस्ट’ विभाग ओळखीचा वाटतो. स्क्रिप्टने प्रमाणपत्रे काढायची असतील तर त्याचा एपीआय (प्रोग्रॅममधून आज्ञा देण्याची सोय) उजवा आहे; पीएफसेन्सच्या मोफत आवृत्तीत मुळात तशी सोय नाही. प्रायव्हेट की कॉन्फिगरेशनमध्ये ठेवण्याचा दोष दोघांत सारखाच. आपल्याकडच्या केबल आणि इंटरनेट पुरवठादारांकडे सर्रास दिसणारे मायक्रोटिक राउटर याबाबतीत दिसायला ओबडधोबड आहे, पण रद्द यादीचा पत्ता प्रमाणपत्रात घालणे आणि उपकरणांना एससीईपी या प्रोटोकॉलने आपोआप प्रमाणपत्रे देणे ही दोन कामे ते करते, जी पीएफसेन्स करत नाही. विंडोज सर्व्हरची सर्टिफिकेट सर्व्हिस या सगळ्यांच्या पुढे आहे: डोमेनमधल्या संगणकांना ती प्रमाणपत्रे आपणहून देते, संपण्याआधी बदलते आणि रद्द यादी प्रसिद्धही करते. मात्र तिला सर्व्हरचा परवाना लागतो, आणि तिच्या टेम्प्लेटमधली एक चुकीची निवड साध्या कर्मचाऱ्याला डोमेन प्रशासकाच्या नावाचे प्रमाणपत्र मिळवून देऊ शकते, म्हणून अर्धवट माहितीवर तिला हात लावू नये.

वीस-पंचवीस ते शे-दीडशे माणसांच्या व्हीपीएनसाठी, त्याच फायरवॉलवरच्या वाय-फाय लॉगिनसाठी आणि आतल्या दोन-चार सर्व्हरसाठी पीएफसेन्सचा सर्टिफिकेट मॅनेजर मी निःसंकोच सुचवतो, मात्र मूळ अथॉरिटी बाहेर, मध्यवर्ती फायरवॉलवर, रद्द यादी पहिल्या दिवसापासून जोडलेली आणि बॅकअप एन्क्रिप्ट केलेला, या मांडणीसह. शेकडो लॅपटॉपना आपोआप प्रमाणपत्रे द्यायची असतील किंवा रद्द झाल्याची माहिती फायरवॉलबाहेरच्या यंत्रणांनाही कळायला हवी असेल, तर अथॉरिटी दुसरीकडे चालवावी आणि इथे तिचे फक्त प्रमाणपत्र आयात करावे. समुदाय आवृत्ती अपाचे परवान्याखाली मोफत आहे. प्लस आवृत्ती नेटगेटच्या उपकरणांसोबत किंवा वर्गणी भरून मिळते, पण अथॉरिटी, प्रमाणपत्रे आणि रद्द यादी यांची मूळ कामे दोन्हींत तीच असल्यामुळे केवळ या भागासाठी प्लसवर पैसे खर्च करण्याचे कारण नाही.